लाल दोऱ्याची गाठ

आमच्या घरचे, माहे मालक, भर उन्हाळ्यात गेले. छातीत दुखते म्हणाले, अन् दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. त्यायच्या नावचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, घरात मी अन् माही सासू राह्यलो. बुढीनं खाणंच सोडलं. ताट पुढं ठेवलं की एखादा घास चिवडून सरकवून दे. पावसाळा सरता सरता एक दिवस म्हणाली, "माह्या पोराच्या गळाची मिरगल मासोळी असती त दोन घास खाल्ले असते वं."

झालं. मी त्यायची गळाची बांबूची काडी काढली अन् तलावावर गेली.

दर रविवारी या माणसाजवळ बसून मले सारं पाठ झालतं. आठवडाभर लोहारा गावच्या कंपनीत त्यायची मान खाली, रविवारी पाण्यावर डोळे. सरकीची ढेप अन् कणीक मळून गोळी गळाले लावायची. वर शिशाचा मणी, त्याच्या वर तंगुसावर, म्हंजे गळाच्या नायलॉनच्या दोरीवर, सरकणारी मोराच्या पिसाची तरंगती दांडी. दांडी कुठं थांबन, म्हंजे गोळी किती खोल जाईन, ते तंगुसावर बांधलेली लाल दोऱ्याची गाठ ठरवे. मिरगल तळाचं खाते, म्हणून गोळी तळाले टेकलीच पाहिजे. मले बोलू देत नसत. मासे पळतात म्हणे. मासे कायचे पळतात, यायलेच माही टकळी नको होती.

दोन-तीन रविवार बसली. दांडी उभीच्या उभी. काहून, ते मले कळत होतं. गाठ उन्हाळ्याच्या पाण्याची होती. आता तलाव भरला, गोळी मधातच लटकून राह्यलती. गाठ वर सरकवली की काम होते. पण ती गाठ त्यायनं दातानं आवळलेली, शेवटची. माहा हातच धजे ना. काठाजवळ उथळात टाकून पाह्यलं, तिथं सारी बेशरमाची झुडपं, गळ अडके.

घरी बुढीची मनगटं काडीवानी झालती. पाह्यलं अन् माहाच मले राग आला. मेलेल्याची गाठ जपून जित्या माणसाले उपाशी मारतं काय वं?

पुढच्या रविवारी नखानं गाठ सरकवाले गेली. दोरा उन्हानं विरलेला, तुटून हातातच आला. लय रडली. मंग पदराचा दोरा ओढून वर नवी गाठ बांधली. दांडी उभी राह्यली, हलली, अन् अलगद आडवी झाली. मिरगलनं तळाची गोळी उचलली की अशीच होते. मी काडी ओढली.

मासा थैलीत टाकून तंगूस बोटातून सरकवत राह्यली, जुनी गाठ कुठं होती ते पाहाले. तंगुसावर खूण राहत नाही.

बुढीनं भाकरीसंगं दोन तुकडे खाल्ले, काटे चोखून ताटाच्या काठाले ठेवले. मंग म्हणाली, "गाठ त्यानंच बांधलेली असन ना? त्याच्या गाठीबिगर मिरगल नाही लागत."

"हो," मी म्हटलं, अन् तिच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.