करवंटीच्या कोळशाने प्यालेली हवा

लग्न होऊन मी कल्याणला आले, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अंगणातल्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. सासऱ्यांनी परसातली जुनी विहीर उघडायचं ठरवलं. ती बरीच वर्षं फळ्या टाकून बंद होती. का, ते कोणी सांगत नसे. सासूबाई एवढंच म्हणत, "तिकडे फिरकू नकोस."

गाळ काढायला कळव्याकडचा एक गडी आला. कमरेला दोर, हातात कंदील. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. अर्ध्यावर उतरल्यावर तो काहीतरी बोलू लागला आणि आवाज मध्येच तुटला. किंकाळी नाही, काही नाही. वरच्या माणसांनी घाईघाईने दोर ओढला. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. उलटी झाल्यावर त्याने डोळे उघडले.

"खाली कोनतरी हाय," तो म्हणाला. "माझा दिवा फुंकला त्यानं."

सासूबाईंनी लगेच देवापुढे नारळ ठेवला.

माझे धाकटे दीर मुंबईला डॉक्टरी शिकत होते. ते सुट्टीसाठी घरी आलेले. त्यांनी टोपलीत पणती ठेवली आणि दोराने विहिरीत सोडली. "वहिनी, इकडे या. बघा."

भर दुपार होती. पानसुद्धा हलत नव्हतं. पणती निम्म्यावर गेली आणि विझली. फडफडली नाही, वातीवरून ज्योत कोणी उचलून न्यावी तशी गेली. तिचा धूर वर आला नाही. दुधावर साय धरावी तसा तिथेच आडवा पसरला आणि हळूहळू गोल फिरू लागला. पुन्हा पेटवली, पुन्हा तिथेच विझली.

"जड हवा साचली आहे," दीर म्हणाले. "आपण श्वास सोडतो ना, त्यात असते तीच."

"मग भावोजी, एवढी कोणाची?"

ते हसले नाहीत.

नारळाच्या करवंटीच्या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी अगणित भोकं असतात आणि त्यांत तो हवा ओढून धरून ठेवतो, असं ते शिकले होते. आळीभरातून करवंट्या गोळा झाल्या. त्या जाळल्या, कोळसे मडक्यांत भरून झाकणं मातीने लिंपली आणि आतल्या आत निवू दिले. मग कोळशांच्या टोपल्या विहिरीत सोडायच्या, काही वेळाने ओढायच्या, ताजे कोळसे घालून पुन्हा सोडायच्या. दर खेपेला पणती थोडी खाली जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी ती तळाशी जळत राहिली. कोळशाने किती केलं आणि टोपल्या वरखाली केल्याने किती, हे दीरांनाही नक्की सांगता येईना.

गडी काही केल्या उतरेना. शेवटी दीरच उतरले.

"कंदील जळतोय!" खालून आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"अरे, बोल की रे!" सासूबाई ओरडल्या.

"वर घ्या मला."

वर येऊन ते पायरीवर बसले. तळाच्या वाळलेल्या गाळावर एक मुंगूस मरून पडलं होतं, त्याच्या शेजारी नाग, काही कबुतरं आणि दिवाळीपासून हरवलेली आमची मांजर. फळ्यांच्या फटीतून पडली असणार. कोणी कोणाला धरलेलं नव्हतं. एका अंथरुणावर निजावीत तशी सगळी ओळीने पडली होती.

वर काढलेले कोळसे दीरांना टाकवेनात. "तापवले की प्यालेली हवा सोडतात. परत वापरता येतील." त्यांनी ते मडक्यात भरले, झाकणाला भोक ठेवलं आणि अंगणात चुलीवर चढवले. मला त्या भोकाशी पेटती वात धरायला सांगितली.

वात विझली. धूर नाही, वास नाही. मी खाली वाकले होते. गालाला कोमट फुंकर लागली, कानाशी बोलायला कोणी तोंड आणावं तशी. मी वात टाकून मागे सरले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "ते माझ्या घरात नको," त्या म्हणाल्या. दीर उठले आणि ते कोळसे स्वतः खाडीत टाकून आले.

पुढे दुसऱ्या माणसांनी गाळ काढला, झरा लागला. पाणी गोड निघालं. कळव्याचा तो गडी मिठागरावर उघड्या उन्हात कामाला लागला, असं कळलं. सासऱ्यांनी विहिरीवर परत फळ्या टाकू दिल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात सारी आळी तिथूनच पाणी नेत असे. बायका येताना हसतबोलत यायच्या. पण घागर भरेपर्यंत तिथे कोणी तोंड उघडत नसे.