खुंटीवरचा खाकी फेटा

दवाखान्यातून निरोप आला, ‘विठ्ठलराव गेले’, तेव्हा मी परसात मिरचीची फोडणी देत होते. आमच्या रावपुऱ्यातल्या घरात फोडणी स्वयंपाकघरात नव्हे, परसात पडते. कारण माझ्या धाकट्या दिरांना, विठ्ठलभावजींना, धुराची एवढीशी रेघ सोसायची नाही. जर्मन लढाईत फ्रान्सच्या मुलुखात ते सफरमैनांच्या पलटणीत खंदक खणायला होते. तिथे शत्रूने सोडलेला विषारी वायू त्यांच्या छातीत शिरला, तो वीसेक वर्षं बाहेर आलाच नाही. निरोप ऐकला आणि माझ्या मेल्या मनात पहिलं काय यावं? की उद्यापासून फोडणी आत देता येईल! मग मात्र पळी हातातच राहिली...

लढाईहून ते परतले तेव्हा आम्ही सगळे हार घेऊन स्टेशनावर. हात शाबूत, पाय शाबूत, अंगावर ओरखडा नाही. फक्त चार पावलं टाकली की छातीचा लोहाराचा भाता व्हायचा. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई आणि अकलेचा खंदक. “धुराने कधी माणूस जखमी होतो का? आम्ही जन्मभर चुलीपुढे बसतो, आम्हाला नाही कुणी बिल्ला दिला!” असं हळदीकुंकवात ऐटीत बोलले. बायका हसल्या, आणि मी आठवडाभर स्वतःवरच खूश होते. सासूबाईंनी विचारलं, “बाबा, वाचलास कसा?” भावजी सरळ म्हणाले, “आई, हिरवट पिवळा ढग अंगावर आला. पाणी संपलेलं. कुणीतरी ओरडलं, फेटे सोडा, त्यावर मुता आणि नाकाला दाबा. मी केलं. पार जळायची ती छाती अर्धी तरी वाचली.” माझा पदर तत्काळ नाकाला! जसं काही भावजींनी ते बाटलीत भरून घरी आणलं होतं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी भटजी बोलावले आणि प्रायश्चित्त म्हणून पंचगव्य पाजलं. म्हणजे स्वतःच्या मुताने बाटलेलं तोंड गाईच्या मुताने शुद्ध झालं. पेला पुढे करायला मीच होते. भावजी हळूच म्हणाले, “वहिनी, ही गाय त्या दिवशी कुठे होती हो?”

खंदकात त्यांच्या शेजारी करजणचा बाबू होता, तो तिथेच राहिला. त्याची आई एकदा आमच्याकडे आली. ओट्यावर बसली, पाण्याला हातही न लावता म्हणाली, “भाई, माझा बाबू कसा गेला, तेवढं सांग.” भावजी म्हणाले, “मावशी, आम्ही सगळ्यांनी फेटे सोडले. तो लाजला. साहेब समोर उभा होता ना. मी ओरडलो, बाबू, कर रे! तो नुसता मान हलवत राहिला.” म्हातारी रस्त्याकडे बघत म्हणाली, “मीच शिकवलं होतं, चारचौघांत लघवीला बसायचं नाही म्हणून.” उठताना भावजींचा हात धरला. “आमच्या गावात म्हणतात, तो पळताना मेला. तू सांग सगळ्यांना. खरं ते सांग.” त्या दिवसापासून भावजींना एकच ध्यास लागला, बाबूचं मरण एकदा भर सभेत सांगायचं.

संधी आली. शहरात लढाईवरून आलेल्या शिपायांचा सत्कार ठरला. मंडळाचे चिटणीस, एक सेवानिवृत्त अंमलदार, घरी आले आणि गोड आवाजात, मधेच गुजराती पेरत म्हणाले, “विठ्ठलराव, फेटा पाण्याने भिजवला म्हणा. बायकामंडळी असणार, समज्या ने?”

“पाणी नव्हतं, रावसाहेब.”

“अहो, म्हणायला काय जातं?”

“पाणी असतं तर बाबू मेला नसता.”

सत्कार झाला. ज्यांचे हातपाय गेले होते त्यांना शाली मिळाल्या, मिळायलाच हव्या होत्या. भावजींचं नाव पुकारलंच नाही. पुढे कुजबुज सुरू झाली, की त्यांना क्षय आहे, लढाई हे नुसतं निमित्त. ज्या बायका माझ्या विनोदाला हसल्या होत्या, त्याच आता पोरांना आमच्या ओट्यावरून ओढून नेऊ लागल्या. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून भावजी लोडाला टेकून बसूनच झोपायचे. पुन्हा कुठल्या सभेचं बोलावणं आलं नाही.

आलं ते मेल्यावर. गेल्या पंधरवड्यात त्याच मंडळाने शोकसभा भरवली. एवढ्या उदबत्त्या लावल्या होत्या, की भावजी जिवंत असते तर तिथेच गेले असते. तेच चिटणीस, आता काठी टेकत, उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, “या वीराने गंगाजलात भिजवलेला फेटा नाकाशी धरून प्रत्यक्ष मृत्यूला परतवलं!” शोकसभेत टाळ्या पडल्या हो... इतक्या वर्षांत पाण्याचं गंगाजल झालं होतं. बाबूचं नाव कुणी घेतलं नाही. सभेनंतर मंडळाचे दोघे घरी आले. “बाईसाहेब, तो फेटा द्या ना, काचेच्या कपाटात ठेवू.” मी म्हटलं, “न्या की. पण खाली पाटी मी सांगेन ती लावायची. त्यावर फेटा कशाने भिजवला ते लिहायचं आणि करजणच्या बाबूचं नाव लिहायचं.” चहा मात्र दोघांनी पूर्ण घेतला. गेले रिकाम्या हातांनी.

फोडणी मी अजून परसातच देते. फेटा माजघरातल्या खुंटीवर आहे, रिठ्याने धुऊन धुऊन विरलेला. त्याला आता कसलाच वास नाही. येणारा-जाणारा विचारतो, आणि मी बाबूसकट सगळं सांगते, तो एक शब्द न गाळता. ऐकणाऱ्याचा हात आपसूक खिशात जातो, रुमाल बाहेर येतो आणि घट्ट नाकाला लागतो. मी बघत राहते... एवढंच तर करायचं होतं बाबूने.