बाईंची मूठभर फी

या, अशा जवळ बसा. दारातूनच ‘येतो’ म्हणायचं, ही कुठली रीत? शेजारच्या बाईंची गोष्ट ऐकल्याशिवाय सोडायची नाही मी.

माझ्या सुपातले मूठभर तांदूळ बाकावर सांडून बाई म्हणायच्या, “मोज गो.”

“तांदूळ कोण मोजतं बाई? मापतात.”

“मग इंग्रजीतल्या मनीचं तसंच. मनी तांदूळ, कॅश तांदूळ. नोट, कॉइन, रुपी हे नारळ. एक, दोन, तीन. तांदळाला मच लावायचं, नारळाला मेनी.”

जन्मभर डिचोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवून बाई पेडण्यात आमच्या शेजारी राहायला आल्या होत्या. माझा नवरा नुकताच गेलेला. घरातल्या दोन खोल्या समुद्रावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना द्यायच्या, एवढाच आधार. मुलगा म्हणे, “आई, तुला इंग्रजी येत नाही. घर दलालाकडे दे आणि म्हापशाला माझ्याकडे चल.” मला घर सोडायचं नव्हतं.

म्हणून रोज दुपारी शिकवणी. चुकले की बाई म्हणायच्या, “तुझं इंग्रजी म्हणजे पेज, सगळं एकत्र.” एकदा मीही विचारलं, “चेंज म्हणजे सुटे पैसे. ते तर मी मोजून देते. मग ते तांदूळ कसे?”

“तो इंग्रजांचा हट्ट. पाहुणे आपले, हट्टही पुरवायचा.”

फी विचारली तर बाकावरचे तांदूळ गोळा करून पदराला बांधायच्या. “ही काय घेतली.”

पहिली पाहुणी आली त्या दिवशी मुलगा दलालाला घेऊन अंगणात उभा. तिने भाडं विचारलं आणि मी कुंपणाकडे पाहिलं. पलीकडे बाई दिसल्या. तांदळाची मूठ वर धरून उभ्या.

मी म्हटलं, “नॉट मच मनी. वन डे, टू बिग नोट्स. चेंज आय गिव्ह.”

तिने हसून दोन नोटा हातावर ठेवल्या. मुलाने तिची बॅग उचलून खोलीत नेली. म्हापशाचं नाव पुन्हा निघालं नाही.

बाई एवढंच म्हणाल्या, “मच बरोबर लावलंस. बाकी पेज.”

बाईंचे गुडघे धरले तशी लेकीने त्यांना बेळगावला नेलं. भात टाकताना मी अजून रोज एक मूठ वेगळी काढते. डबा काठाला आलाय. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात तर बाईंना सांगा, फी साचलीय, एक खोली रिकामी ठेवलीय. लवकर या म्हणावं.