भागूवहिनी गप्प झाली तो हिवाळा

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंड होतं. पलीकडे भागूवहिनी राहायची, अलीकडे आम्ही, आणि मध्ये एक कुडाची भिंत, शेणामातीनं लिंपलेली. तिच्याकडे आज काय शिजणार, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाच्या धोतराला भोक पडलंय, ते सगळं मला माझ्या चुलीपाशी बसून कळायचं. मलाच कशाला, कर्जतातल्या आमच्या अख्ख्या आळीला कळायचं.

दोष तिचा नव्हता. तिचा नवरा भिवाजीदादा रेल्वेत आगवाला. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला कर्जतला एक जादा इंजिन लावायचे, त्या इंजिनाच्या पोटात कोळसा लोटता लोटता त्यांचा जन्म गेला. त्या धडधडीत आणि शिट्ट्यांत कानही गेले. पण ते कबूल करतील तर भिवाजीदादा कसले. वहिनी दारातून हाक मारायची, "अवो, भात उतरवलाय, येताव काय?" की ओटीवरून उत्तर ठरलेलं, "हळू बोल गं. मी काय बहिरा हाय?" हळू बोललं तर ऐकू यायचं नाही, आणि मोठ्यानं बोललं तर हे असं. मला ऐकू आलं नाही, हे शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी कुणी ऐकले नाहीत. नाही ऐकू आलं तर ते आपले "बरं" म्हणायचे आणि भलतंच करून यायचे. मीठ आणा म्हटलं तर म्हशीला पाणी दाखवून येणार.

मी घाटावरची, जुन्नराकडची. शिंप्याच्या घरात सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच दिवशी वाटलं, शेजारी भांडण जुंपलंय. धावत सोडवायला गेले. तर दोघं समोरासमोर बसून भाकरी खात होती, आणि वहिनी त्यांना विचारत होती, अजून एक वाढू काय.

विजेची इंजिनं आली त्या साली भिवाजीदादांना घरी बसवलं. वहिनीला आधी बरं वाटलं. आता रात्रपाळी नाही, डोळ्यांत तेल घालून वाट बघणं नाही. पण महिना जातो न जातो तोच तिचा जीव मेटाकुटीला आला. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसं भिवाजीदादांचं सुरू झालं. चुलीत लाकूड कसं सारायचं ते तिला शिकवायला लागले. इंजिनाची आग सांभाळली म्यां, तुजी चूल ती काय, असं म्हणायचे. ती म्हणायची, "तुमच्या इंजिनावर भाकरी भाजत हुती काय?" हे सगळं भिंतीतून यायचं आणि मी इकडे गोधडीला टाके घालत हसत बसायची. त्या ओरडण्यानं माझे कान किटायचे, खोटं कशाला बोलू. आणि ते ऐकल्याशिवाय माझा दिवसही उजाडायचा नाही.

मग पौष लागला. थंडीनं त्या वर्षी कहर केला होता. सकाळी नदीवरून धुकं उठायचं ते ऊन चांगलं वर येईपर्यंत हलायचं नाही. आळीत जो तो अंगणात पालापाचोळा पेटवून शेकत बसलेला. आणि अशातच भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला.

आधी वाटलं, वहिनी गावाला गेली असेल. तर ती अंगणात तुळशीला पाणी घालताना दिसली, पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली घट्ट खोचलेला. मी विचारलं, "काय गं वहिनी, बरं नाही का?" तिनं नुसती मान हलवली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि आत गेली. मला असा राग आला. मी हिचं काय घोडं मारलं होतं? दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाई तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली.

भिवाजीदादा ओटीवर उन्हात बसलेले असायचे. तेही गप्प. मला राहवेना. जवळ जाऊन ओरडले, "दादा, वहिनीचं काय बिनसलंय?"

मी काय बहिरा हाय, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत उभी. पण ते म्हणाले नाहीत. कोयत्यानं लाकडाच्या ढलप्या काढत होते, त्या काढतच राहिले. मग म्हणाले, "बोलत नाय ती माज्याशी. घरी बसल्यापासून लय डोकं खाल्लं मी तिचं. कंटाळली असंल."

मी म्हटलं, असं होय. नवराबायकोच्या भांडणात पडू नये असं आमची आई सांगायची. मी पडले नाही. चार दिवसांनी होईल सगळं सुरळीत, म्हणून स्वस्थ बसले.

त्याच आठवड्यात लोधिवलीहून मालोजीची बैलगाडी आली. मालोजी म्हणजे भिवाजीदादांचा धाकटा भाऊ, गावी शेती बघणारा. दर हिवाळ्यात तो वालाच्या शेंगा घेऊन यायचा आणि मग भिवाजीदादांच्या अंगणात पोपटी लागायची. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा भरायच्या, पुन्हा पाल्यानं तोंड गच्च बंद करायचं आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. जाळ कमी पडला तर शेंगा कच्च्या, जास्त झाला तर कोळसा. म्हणून आग लावायचा मान आमच्या आगवाल्याचा. दरवर्षी ते जाळ घालायचे आणि ओटीवरून वहिनी ओरडायची, "बस करा, करपंल." ते म्हणायचे, "माजी आग मला शिकवू नको." आळीतली पोरंटोरं एवढ्यासाठीच जमायची.

त्या संध्याकाळी पोपटी लागली, पण कुणी कुणाला काही बोललं नाही. वहिनी ओटीच्या खांबाला टेकून उभी. तिचे ओठ हलताना मला दिसले. भिवाजीदादांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाळ घालत राहिले. मडकं उघडलं तर खालच्या शेंगा करपलेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांनी गोड मानून खाल्ल्या.

मी घरी निघताना मालोजी मला बाजूला घेऊन म्हणाला, "बायजावैनी, दादा उद्या माज्यासंगं येतोय. ऱ्हायलाच. शेताच्या राखणीला ऱ्हातो म्हंतोय."

"आणि वहिनी?"

"ती हितंच."

मी तशीच भिवाजीदादांकडे गेले. "हे काय ऐकतेय मी? बायकोला टाकून जाणार या वयात?"

"टाकून नाय," ते म्हणाले. "तिला इचारलंय. लोधिवलीला जाऊ काय, तुला बरं पडंल काय? तिनं मान डोलवली. पुन्यांदा इचारलं. पुन्यांदा डोलवली." मग विझत चाललेल्या जाळाकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर एकटी राह्यली ती, माज्या ड्यूटीपायी. आता एकटीच बरी वाटत असंल."

मला रात्री झोप लागली नाही. एवढी मायेची बाई, आणि मान डोलवते? सकाळी भाकऱ्या तशाच टाकून तिच्या दारात गेले. बाहेर मालोजी बैल जुंपायच्या तयारीत होता. भिवाजीदादा कांबळ्याचं गाठोडं बांधत होते. आत वहिनी चुलीपुढे बसून वाल सोलत होती. डोळे सुजलेले.

"वहिनी, तू त्यांना जा म्हणालीस?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं, मग पुन्हा, शेवटी तिच्या कानाशी जाऊन ओरडले. तेव्हा कुठे ती बोलली, इतकं हळू की मलाच कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. "कुठं जा?"

"अगं, लोधिवलीला. त्यांनी तुला विचारलं ना?"

"परवा चुलीपाशी काय तरी इचारलं," ती पुटपुटली. "आंगोळीला पानी तापवू काय, असं इचारलं असंल. मी हो म्हटलं. परत इचारलं, परत हो म्हटलं."

"मग बोलत का नाहीस त्यांच्याशी?"

"बोलत नाय?" तिचे डोळे भरून आले. "हाका मारून मारून दमले, बायजे. वळून बघत नाय. माजा आवाज नको झालाय त्यांना."

"कुठल्या हाका? भिंतीपलीकडे मला एक ऐकू आली नाही. जरा मोठ्यानं बोल की."

"मोठ्यानंच तर बोलत्ये," ती कुजबुजली. "डोक्यात नुसते ढोल वाजतात. माजा आवाज मलाच सोसंना."

मी तिचा पदर मागे सारला. दोन्ही कानांत रात्रीचे कापसाचे बोळे अजून तसेच. थंडी पडली की लसणीचं तेल कोमट करून त्यात बोळा भिजवून कानात घालायचा, हे आमच्याकडे सगळ्याच बायका करतात. कापूसही माझ्याच गोधडीच्या टोपलीतला. मी बोळे काढले. "आता बोल."

"आता काय बोलू?" तशीच, मांजरानं दुधाला तोंड लावल्यासारखी.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कान बुजले की आपलाच आवाज आपल्या डोक्यात घुमतो. तिला हाताला धरून मागच्या दारी उन्हात नेलं, मान आडवी केली, दोन थेंब कोमट तेल सोडलं आणि कमरेच्या किल्ल्यांतलं कानकोरणं काढलं. ती ओरडायला लागली, म्हणजे तिच्या मते ओरडायला लागली. मी म्हटलं गप बस. आत बोळ्याच्या मागे बोळा होता. थंडी सुरू झाली तेव्हा घातलेला, आत सरकून तिथंच राहिलेला, आणि त्याच्यावर ही बया रोज संध्याकाळी नवा घालत होती आणि रोज सकाळी तेवढाच काढत होती. काळाकुट्ट, मेणासारखा घट्ट. एका कानातून काढला, दुसऱ्यातून काढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वहिनी दचकली. पिंपळाकडे बघून म्हणाली, "हा कसला आवाज गं?"

"कावळा," मी म्हटलं. "दुसरा कसला असणार?"

"एवढ्या मोठ्यानं वरडतो?"

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. ती मात्र हसत नव्हती. मान वळवून ऐकत होती. पुढच्या अंगणात बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते. "गाडी कुणाची निघाली?" तिनं विचारलं.

"मघापासून काय सांगतेय मी तुला?"

ती उठली. ओच्यातले वाल तिथंच सांडले. पदर सावरायचंही तिला सुचलं नाही. मी मागे धावले. गाडी अंगणातून रस्त्याला लागली होती. मालोजी पुढे बसलेला, भिवाजीदादा मागे, पाठ घराकडे करून, गाठोडं मांडीवर.

वहिनी ओटीच्या पायरीवर उभी राहिली आणि तिनं हाक मारली. काय सांगू तुम्हाला. पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. "अवो, कुठं चाललाव न जेवता? वाल सोललेत तुमच्यासाठी, उसळ कोण खानार? उतरा खाली."

मालोजीनं बैलांचा कासरा ओढला. भिवाजीदादा हळूच वळले. सगळी आळी दारात आलेली. मला वाटलं, आता म्हणणार, हळू बोल गं, मी काय बहिरा हाय. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं.

त्यांनी कानामागे हात धरला.

"ऐकू नाय आलं," ते म्हणाले. "परत बोल."

वहिनी तेवढ्याच मोठ्यानं परत बोलली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, उसळीसकट. पण भिवाजीदादांचा एक पाय त्याआधीच गाडीतून खाली आला होता.