सरकारांची विलायती दोरी

आमच्या गल्लीतले एक निवृत्त बँकवाले हल्ली गळ टाकायच्या नादाला लागलेत. परवा ते एक रंगीत पुस्तिका घेऊन आले आणि विचारू लागले, "मास्तर, तुम्ही नदीकाठचे. ही परदेशी दोरी एवढे पैसे घालून घ्यावी का?" माशाला दोरीची किंमत कळत नाही, असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. बिचारे हिरमुसले. पण नीट उत्तर द्यायचं तर मला माझी नोकरी कशी लागली ते सांगावं लागलं असतं, आणि त्या गोष्टीत मी काही फारसा शोभून दिसत नाही.

संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. कोल्हापुरातल्या एका खासगी हायस्कुलात मी मराठी शिकवत होतो, तात्पुरता. तात्पुरता म्हणजे असा की एप्रिल संपला की हातात नारळ द्यायचा आणि जून लागला की पुन्हा बोलवायचं. मधल्या सुटीचा पगार वाचवून संस्था विद्यादानाचं पुण्य करायची. असे तात्पुरते आम्ही दोघं होतो. दुसरा गणिताचा. मंगळवार पेठेत एकाच खोलीत राहायचो, एकाच स्टोव्हवर पिठलं-भात करून खायचो. त्याच्या तासाला शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा फळ्याकडं बघायची. माझ्या तासाला पुढच्या बाकावरची पेंगायची. आज हे कबूल करतो, तेव्हा करत नव्हतो. त्या वर्षी कायम होणारी जागा एकच होती. दोघांनाही ते ठाऊक होतं, म्हणून त्याविषयी आम्ही कधी बोलत नसू.

जागा कुणाला द्यायची ते ठरवणार होते मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सगळं गाव 'सरकार' म्हणायचं. एक सरकार दिल्लीला होतं, एक मुंबईला, आणि हे तिसरं टाउन हॉलजवळच्या बंगल्यात. जहागीर गेली होती, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ डोक्यावरच्या फेट्यात तसाच होता. राज्य गेल्यावर करायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी दोन उद्योग धरले. एक आमची शाळा आणि दुसरा मासे.

मासे म्हणजे साहेबी पद्धतीनं. मायदेशी निघालेल्या एका इंग्रजाकडून त्यांनी त्याची बांबूची काठी, पितळी रीळ आणि एक रेशमी दोरी घेतली होती. त्या दोरीची किंमत ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि पाहुण्यागणिक ती वाढायची. दोरी मात्र खरोखर देखणी होती. हिरवट, गुळगुळीत, मधे जाड आणि टोकाकडं निमुळती होत गेलेली. तिला डबीतलं मेणचट मलम चोळलं की ती पाण्यावर तरंगायची. टोकाला गळ, आणि गळाला पिसं बांधून केलेली एक खोटी माशी. आता पंचगंगेतले मासे सात पिढ्या कणकेच्या गोळ्या आणि गांडुळं खाऊन वाढलेले. ती विलायती माशी उतरली की ते बहुधा अदबीनं बाजूला होत असावेत.

एकदा शिक्षकांच्या खोलीत बोलण्याच्या ओघात मी म्हणालो की लहानपणी मी सुतळीनं मरळ धरलीय. हेडमास्तरांनी ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मला बंगल्यावर उभं केलं. तेव्हापासून दर रविवारी मी सरकारांच्या दोरीच्या सेवेत. नदीवरून आलं की सगळी दोरी रिळावरून उलगडायची, व्हरांड्याच्या खांबांना येरझाऱ्या घालून ताणायची, धोतराच्या जुन्या मऊ फडक्यानं पुसायची, पूर्ण वाळली की मलम चोळायचं आणि मगच गुंडाळायची. ओली दोरी रिळावर राहिली तर आतून कुजते, असं तो इंग्रज जाताना बजावून गेला होता. सरकारांनी मला ते आठ वेळा बजावलं. बी.ए. होताना माझ्या आईनं जे नवस बोलले होते, त्यात दोरी पुसण्याचा उल्लेख नव्हता, पण देव आपल्या सोयीनं पावतो.

घाटावरचा तमाशा बघायला गर्दी व्हायची. ही दोरी नुसती पाण्यात सोडायची नसते. काठीनं ती डोक्यावरून मागं न्यायची, पुढं न्यायची, पुन्हा मागं, आणि मग अलगद पाण्यावर ठेवायची. सरकारांची ती मागंच अडकायची. कधी धुवून वाळत घातलेल्या लुगड्यात, कधी झाडात. एका रविवारी तिनं खुद्द सरकारांचा फेटा उचलून पाण्यात नेला. धुणं धुणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मी मोठ्यानं म्हणालो, "वारं आडवं होतं, सरकार." झाडाचं पान हलत नव्हतं.

जवळच एक म्हातारा भोई सुतळी आणि कणकेचा गोळा घेऊन बसलेला असायचा. दर अर्ध्या तासानं त्याच्या टोपलीत काहीतरी फडफडायचं. एकदा त्यानं मला खूण करून बोलावलं आणि विचारलं, "मास्तर, सरकार पाण्याला चाबकानं मारत्यात, ते कशापायी? पाण्यानं त्यांचं काय केलंय?"

"गप बसा की वो," मी म्हणालो, "ऐकतील."

निघताना सरकारांचा ड्रायव्हर त्याच म्हाताऱ्याकडून दोन मासे घ्यायचा, आणि बंगल्यावर 'सरकारांनी आणलेल्या' माशांचं कालवण व्हायचं. हे सरकारांना ठाऊक होतं, बाईसाहेबांना ठाऊक होतं, स्वयंपाकिणीला ठाऊक होतं. मी तिथंच पानावर बसून "ताज्या माशाची चवच न्यारी" म्हणायचो. खोलीवर आल्यावर मित्राला सगळं साभिनय करून दाखवायचो. तो पोट धरून हसायचा आणि म्हणायचा, "लेका, तुझ्यापेक्षा तो भोई बरा. त्यो निदान मासं इकतोय."

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली शस्त्रं पुजायची असतात. सरकारांच्या दिवाणखान्यात चौरंगावर तलवारी, कट्यारी, दोन बंदुका मांडल्या होत्या, आणि या वर्षी त्यांच्या पंक्तीला काठी, रीळ आणि दोरी. जीव घेतात ती सगळी शस्त्रं, असा सरकारांचा युक्तिवाद. या दोरीनं आजवर फक्त फेटा घेतला होता, पण ते कोण बोलणार?

भटजींनी तलवारींवर फुलानं थेंबभर पाणी शिंपडलं आणि गड्यानं ते लगेच पुसलं, कारण लोखंड गंजतं हे सगळ्यांना कळत होतं. रिळापाशी आल्यावर भटजी थांबले. हे रेशीम आहे ना, म्हणाले. रेशीम म्हणजे मुळातच सोवळं, त्याला पूर्ण स्नान घालता येईल. शस्त्रांत एवढं शुद्ध शस्त्र त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी पंचामृताची वाटी उचलली. दूध, दही, तूप, मध, साखर.

सरकारांचा हात किंचित वर झाला. इंग्रजाचं बजावणं त्यांना आठवलं असावं. त्यांनी पंधरा-वीस माणसांच्या देखत माझ्याकडं बघितलं. "काय मास्तर, चालंल का?"

मला उत्तर ठाऊक होतं. पण नाही म्हणायचं म्हणजे भटजींचं शास्त्र खोटं पाडायचं, भरल्या पूजेत अपशकुन करायचा, आणि दिवाळीनंतर मंडळाची बैठक होती. "चालंल की, सरकार," मी म्हणालो. "रेशीमच हाय ते." वाटी रिळावर उपडी झाली. वर हळदकुंकू, वर झेंडूची माळ.

पुजलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. दसरा झाला तसे सरकार गावाकडच्या शेतीवर निघून गेले आणि दिवाणखान्याला कुलूप लागलं. ते बारा-तेरा दिवसांनी उघडलं. मुंग्यांची एक रांग चौरंगाचा पाय चढून रिळात शिरत होती आणि दुसरी समाधानानं बाहेर पडत होती. आंबलेल्या दह्याचा वास दारातच आला. मी दोरी घरच्या बायकांच्या नजरा चुकवून परसात नेली, चार पाण्यांतून काढली, वाळवली, डबीतलं उरलेलं सगळं मलम चोळलं. वरून ती पहिल्यासारखी दिसायला लागली. टोक दोन बोटांत धरून जरा ताणलं तर तुटलं. आणखी वीतभर पुढं धरलं, तिथंही तुटलं. तेवढे तुकडे कापून खिशात घातले आणि बाकीची दोरी व्यवस्थित गुंडाळून ठेवली.

खोलीवर मित्रानं तुकडा बघितला, बोटांत धरून तोडून बघितला. "सरकारांना सांगून टाक," तो म्हणाला. "आज सांगितलंस तर पंचामृताचं नाव. उद्या तुटली तर तुझं."

"सांगतो," मी म्हणालो. रोज सांगतो म्हणालो. सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुटीत शिक्षणखात्याचे एक साहेब पुण्याहून आले. सरकार त्यांना नदीच्या वरच्या डोहावर घेऊन गेले. डबे, सतरंज्या, खुर्च्या उचलायला माणसं हवीत, म्हणून दोन्ही तात्पुरते मास्तर बरोबर. सकाळचं ऊन, निवळ पाणी. सरकारांनी दोरी मागं नेली, पुढं नेली, आणि काय झालं कोण जाणे, त्या दिवशी ती अलगद पाण्यावर उतरली. पाणी फुटलं आणि एका माशानं ती पिसांची माशी गिळली.

मी त्या माणसाची आयुष्यभर टिंगल केली, अजून करतो. पण त्या क्षणी सरकारांचा जो चेहरा झाला तो मला आठवतो तेव्हा आत कुठंतरी दुखतं. जहागीर, फेटा, अध्यक्षपण सगळं गळून पडलं होतं. "मास्तर, लागला! मास्तर, खरंच लागला की!" असं ते ओरडत होते. मासा एकदा वर आला, आम्ही सगळ्यांनी तो नीट बघितला. रुपेरी, मोठ्या खवल्यांचा, दोन-अडीच पौंडाचा. मग दोरी मधेच तुटली. आवाजसुद्धा झाला नाही.

सरकार हातातल्या लोंबत्या टोकाकडं बघत राहिले. मग वळून, साहेबांच्या देखत, मला म्हणाले, "दोरी वाळवली न्हवती तुम्ही."

तेवढ्यात मित्र पुढं झाला. त्यानं ते टोक हातात घेतलं, दोन बोटांत ताणून तोडलं आणि सरळ सांगितलं, "ह्यांची चूक न्हाई, सरकार. ह्यांनी मन लावून वाळवली. खंडेनवमीला पंचामृत घातलं आणि तशीच ऱ्हायली, त्यानं कुजली."

पुण्याचे साहेब हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. सरकारांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय, मास्तर?"

माझ्यासाठी तो बोलला होता. स्वतःसाठी नव्हे. मी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"न्हाई, सरकार," मी म्हणालो. "दोरीला काय झालं न्हवतं. मासाच दांडगा होता. दहा पौंडाचा तरी असंल. त्याला कुठली दोरी टिकतीया?"

सरकारांनी क्षणभर विचार केला. मग त्यांच्या खांद्यांत जीव आला. "दहा? बारा असंल," ते म्हणाले. साहेबांनीही मान डोलावली, पाहुणेच ते. मित्रानं हातातला तुकडा पाण्यात टाकला आणि सतरंज्या गोळा करायला लागला.

बैठकीनंतर मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. एप्रिलच्या शेवटी त्याला नारळ मिळाला आणि जूनमध्ये बोलावणं आलं नाही. खोली सोडताना तो मला एक शब्दही टाकून बोलला नाही. मीच त्याला म्हणालो, "सरळ बोललास, गड्या, तिथंच चुकलं." लाज कशी ती वाटली नाही.

त्यानंतर सरकारांकडं कुणीही पाहुणा आला की मला बोलावणं यायचं. दोरी काचेच्या कपाटात ठेवली होती, तुटकं टोक दिसेल अशी. सरकार गोष्ट सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "विचारा मास्तरांना." मास्तर सांगायचे. पंधरा पौंड, अठरा पौंड. सण असो, लग्न असो, मासा वाढत होता आणि माझा पगारही वाढत होता.

सात-आठ वर्षांनी एका लग्नासाठी इचलकरंजीला गेलो होतो, तेव्हा तो रस्त्यात भेटला. एका मागाच्या कारखान्यात पाळीवर मुकादम होता. कानांवर सतत खडखडाट असल्यानं मोठ्यानं बोलायची सवय लागलेली. मला ओढून आत नेलं, चहा मागवला. बोलता बोलता शेजारच्या मागावरचं सूत दोन बोटांत ताणून बघत होता, तोडत होता. मुलांची, आईची चौकशी झाली. मग त्यानं हसत विचारलं, "आणि सरकारांचा मासा? आता केवढा झालाय?"

"पंचवीस पौंडाचा," मी म्हणालो.

थट्टेनं म्हणालो असतो तर तोही हसला असता, मीही. पण माझ्या तोंडून ते सहज आलं, आपला पत्ता सांगावा तसं. तो हसायचा थांबला. हातातला चहाचा कप त्यानं खाली ठेवला.

"मी हुतो की रं तिथं," तो म्हणाला.