युनूसनं फुंकलेला फुटबॉल

किशनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. "गोलकीपर गेला रे आपला," एवढंच तो बोलला आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस फोनवर लेकरासारखा रडायला लागला. मला आधी रागच आला, युनूसचा. दम्यानं इतकी वर्षं छळलं, तरी कनेरगाव नाक्यावरचं पंक्चरचं दुकान सोडून हा बाबा घरी बसायला तयार नव्हता. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आता कोणावर ओरडू?

आमची ओळख हिंगोलीच्या कॉलेजातली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, आणि साल बहात्तरच्या दुष्काळाचं. मी कुरुंद्याचा, किशन नाक्याकडच्या एका खेड्यातला, आणि युनूस हिंगोलीतल्याच एका पिंजाऱ्याचा मुलगा, आमच्या फुटबॉल टीमचा कप्तान आणि गोलकीपर. टीम म्हणायचं आपलं... फुटबॉल एकच, कातड्याचा, आत रबरी ब्लॅडर. पंप कधीचा मोडलेला. युनूस ब्लॅडरची नळी तोंडात धरून डोळे बाहेर येईस्तोवर फुंकायचा, नळी दोऱ्यानं बांधून आत सारायचा आणि वरून वादी आवळायचा. खेळ संपला की हवा सोडून द्यायचा, कातडं ताणू नये म्हणून. दुसऱ्या कोणाला फुंकू मात्र देत नसे. "तुमची हवा कच्ची हाय, लेकहो," म्हणायचा.

त्या वर्षी गाद्या पिंजून घ्यायला कोण येणार? त्याच्या अब्बांनी माझ्यासमोरच सांगून टाकलं होतं, "युनिव्हर्सिटीच्या टीममधी नाव लागलं तर पुढं नोकरीचं बघता येईल. न्हाई लागलं तर कॉलेज बस झालं. गिट्टी फोडायला चल." निवड करणारी मंडळी फक्त परभणीच्या सेमीफायनलला येणार होती. म्हणजे काहीही करून तिथपर्यंत पोचायचं, नाहीतर युनूसचं शिक्षण संपलं.

पण पोचायला अकरा जण हवेत ना! निम्मी पोरं रस्त्याच्या दुष्काळी कामावर. मॅचच्या आदल्या दिवशी युनूस सायकलवर त्यांना गोळा करत फिरायचा. एकदा मीही गेलो. किशन खडीच्या ढिगाशी बसला होता, आणि मुकादम त्याला सोडेना.

"ढीग पुरा झाल्याबिगर हलायचं न्हाई."

"मी करतो पुरा. त्याला सोडा तुमी," युनूस म्हणाला.

"तू काहून फोडून राहिला रे? कॉलेजचा हाय ना तू?"

"व्हय. कॉलेजचा हाय म्हणूनच."

त्यानं सायकल माझ्या अंगावर ढकलली आणि किशनच्या हातातला हातोडा घेतला. मग ती रीतच पडली. मॅचच्या आधी ज्याचा ढीग उरलेला असेल त्याचा युनूस फोडायचा, आम्ही मैदानावर पळायचो आणि तो मागून येऊन गोलात उभा राहायचा. कसे कोण जाणे, पण आम्ही जिंकत गेलो. मी तर एक गोल गुडघ्यानं केला, आणि युनूसनं जन्मभर मला त्यावरून छळलं.

सेमीफायनल रमजानमध्ये आली. मॅचपुरता तरी रोजा धरू नको, म्हणून मी त्याच्यामागे लागलो. तो शांतपणे म्हणाला, "घरात तसं बी काय हाय खायला? रोजा असला की अम्मीला विचारावं लागत न्हाई, तिला बी तकलीफ न्हाई."

परभणीला निघण्याआधी त्यानं लागोपाठ ढीग फोडले होते. तळहातांचे फोड फुटून सालटं निघाली होती, त्यावर चिंध्या बांधल्या होत्या. किशन म्हणाला, मी उभा राहतो गोलात. "मग ती मंडळी बघणार कोणाला?" युनूसनं विचारलं. खरंच होतं ते. लिंबाखाली बसून त्यानं फुटबॉल फुंकला आणि उठताना खोडाचा आधार घेतला. मी पाहिलं ते.

खेळला मात्र जिवावर उदार होऊन. काय काय अडवलं त्यानं! मॅच संपत आली तरी गोल झाला नव्हता. मग एक साधा, सरळ फटका आला. शाळेतलं पोरगं धरेल असा. युनूसनं धरलाही... आणि ओली चिंधी तळहातावरून सरकली. फुटबॉल निसटला, हळूहळू घरंगळत रेषेकडे गेला. युनूस मागे झेपावला, पण हात पुरला नाही.

निवडलेल्यांत त्याचं नाव नव्हतं. परतीच्या बसमध्ये तो फुटबॉल मांडीवर घेऊन बसला होता. हवा सोडायची राहिली, अशी मी आठवण करून दिली. "राहू दे," म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो किशनशेजारी गिट्टी फोडत होता, या वेळी स्वतःच्या ढिगाची. कॉलेजात तो परत आला नाही. मी पुढे मास्तर झालो. त्या फटक्याबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. काय बोलणार?

परवा नाक्यावर गेलो. दुकानामागच्या खोलीत फळीवर तो फुटबॉल आहे. ब्लॅडर त्यानं किती बदलल्या असतील, पण कातडं तेच. दर शुक्रवारी नमाजहून आला की तो फुंकून टणक करायचा. बाहेर हवा भरायचं मशीन असताना, दम्यानं छाती भात्यासारखी वाजत असताना, तोंडानंच. मी चिडलो की हसायचा नुसता.

"आखरी जुम्मे को भी फुंके," भाभी म्हणाल्या. "मैं मना करी. सुने नहीं."

त्यांचा मुलगा भल्या मनानं मशीनची नळी घेऊन आत आला. भाभींनी फुटबॉल पोटाशी ओढला. "इसको हात नको लगा."

मग त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी दाबून पाहिला, तर अंगठा आत गेला. काही आठवड्यांमागे त्याच्या छातीतून निघालेली हवा, थोडी उरली होती अजून. वादी जरा सैल वाटली, ती जमेल तितकी आवळली आणि फुटबॉल परत फळीवर ठेवला. वादीनं हवा थांबत नाही, हे मला ठाऊक आहे.