तळाचा रकाना

ज्या मॅडमनी मला खाडीच्या कामावर राहू दिलं, त्यांचं आधी सांगतो. माझी चूक मागून.

परभणी जिल्ह्यात, जिंतूरकडच्या गावात सातवीला शाळा सोडली आणि कामं बदलत बदलत कोकणात पोचलो. मॅडम कॉम्प्युटरवर खाडीचं मॉडेल करायच्या. भरतीचं पाणी किती आत शिरतं, मीठ कुठवर चढतं, वरून सोडलेली घाण समुद्रात जायला किती दिवस लागतात. त्याला आकडे लागायचे. होडीतून दर अर्ध्या तासाला एक बाटली वरच्या पाण्यात भरायची, दुसरी दोरीनं तळाला सोडायची, दोन्हींतलं मीठ यंत्रावर बघून वहीत लिहायचं.

मी तळाला बाटली सोडलीच नाही. त्यासाठी काठावर वाकावं लागायचं, आणि मला पोहता येत नाही. वरचाच आकडा दोन्ही रकान्यांत लिहिला. आमच्याकडं कालव्याचं पाणी वर एक, तळाला एक असं नसतं. होडीवाले काका हसायचे. "काय परभणीकर, दोरी भिजली तर घरचे ओरडतील काय?"

आठवड्यानं मॅडम म्हणाल्या, "मॉडेल सांगतंय, तळाला खारं पाणी पार आत येतं. वहीत वर-खाली सारखंच. यंत्र बिघडलंय, दुरुस्तीला पाठवते."

गप्प बसलो असतो तर यंत्र गेलं असतं, मी राहिलो असतो. बोललो तर गावाकडची एसटी. शाळेत गुरुजी वही तपासायला घ्यायचे, तशी माझी वही मॅडमच्या पुढ्यात होती.

"मॅडम, यंत्र चांगलं हाय. मीच तळाचं घेतलं न्हाई."

"एकदाही?"

"न्हाई."

मॅडमनी त्यांच्या वरच्या साहेबांना फोन लावला. "सर, तळाचे आकडे टाकून द्यावे लागतील. ते का घ्यायचे, हे मी यांना नीट सांगितलंच नव्हतं. चूक माझी." पुढं नुसतं "हो सर, हो सर" चाललं होतं. मला रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः होडीत बसल्या. माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा आवळून दिला. बाटली तळाला गेली. वरचं पाणी जवळजवळ गोडं निघालं, तळाचं लय खारट.

"दादा, खारं पाणी जड. ते खालून शिरतं."

मी आकडा लिहिला.

अजून त्याच कामावर आहे. कधी त्यांना कुणापुढं असं "हो सर" करत उभं राहावं लागलं, तर मी पुढं होऊन बोलीन. मॅडम, मला वेळ लागेल, पण हे मी फेडणार.